मणीचं पान

हनुमंतरावांचं तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि रिकाम्या घरात पंकजाच्या लक्षात आलं, की मणीच्या बरगड्या लोकरीतूनही हाताला लागतात.

मणी तिच्या वडिलांचा, म्हणजे हनुमंतराव आप्पांचा, कुत्रा. आई कुणा रेल्वेसाहेबाची झुबकेदार पांढरी कुत्री, बाप इथल्याच, कुंभकोणमच्या गल्लीतला कुणीतरी. त्यामुळे अंगावर थंड देशाची लोकर, पाय आखूड, एक कान उभा आणि दुसरा कायम पडलेला. पंकजा तिरुच्चीला शाळेत शिकवायची. तिथं येणाऱ्या आप्पांच्या पोस्टकार्डांत अर्धा मजकूर मणीचाच असे. पोटाखालचे केस कातरले. पाठीचे कातरायचे नाहीत, उन्हापासून तेच राखतात. कानात गोचीड निघाली, कडुलिंबाचं तेल लावलं. तिखट पचत नाही, रसमाचा थेंबही नको. देवळात नगारा वाजला की पलंगाखाली शिरतो. ओढून काढू नये, आपण नुसतं जवळ बसावं.

ते सगळं ती आता करत होती. मणी तेल लावून घेई, जवळ बसू देई. तळहातावर दूध धरलं तर चाटे. पण ताटली पुढे ठेवली की पुढचे पाय जोडून बसे, भाताकडे बघे, तिच्याकडे बघे, आणि शेवटी मान वळवून आडवा होई.

पहिले दहा दिवस लोकांनी त्याचं कौतुकच केलं. ‘सुतक पाळतो हो मुकं जनावर,’ असं म्हणून कुणी कुणी हातही जोडले. पंकजानंही ते खरं मानलं होतं. आता सोळावा दिवस होता.

“सुतक फिटलं, तरी याचं फिटत नाही,” आत्या म्हणाली. त्रिपुरसुंदरीआत्या तिरुनागेश्वरमहून भावाच्या दिवसांना आली होती ती अजून राहिली होती. कुत्र्याला ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीही येऊ देत नसे. “ऐक गे माझं. या घरात त्याला दादाचा वास येतो. सुंदरपेरुमाळ कोयिल गावचा महालिंग उद्या येतोय, त्याच्या मळ्यावर चार कुत्री आहेत. त्यांचं बघून खाईल.”

“त्या चार कुत्र्यांत हा? एका दिवसात फाडतील.”

“आणि तुझ्याबरोबर आगगाडीत उपाशी मेला तर?”

तिरुच्चीला तिची स्वतंत्र खोली होती, घरमालकीण कुत्र्याला हो म्हणाली होती. सोमवारी शाळा सुरू होत होती. पण न खाणाऱ्या जिवाला कुठं न्यायचं? उद्या महालिंग येईपर्यंत मणीनं चार घास खाल्ले तर तो तिचा. नाहीतर त्याला पाठवणंच शहाणपणाचं, हे तिनं मनाशी कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तिनं परसात विहिरीपाशी दहीभात कालवून ठेवला. मीठ अगदी चिमूट, भात मऊ. मणी पाय जोडून बसला.

“खा रे राजा. आज तरी खा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. दगडाच्या फटीतून लाल मुंग्यांची रांग निघून ताटलीकडे चालली होती. तिनं वैतागून तांब्या उचलला आणि ताटलीभोवती पाण्याची धार सोडली. मुंग्या थबकल्या. धार फिरत आली तसा मणी उठला. पडका कानही उभा राहिल्यासारखा झाला. गोल पुरा झाला आणि त्यानं ताटलीत तोंड घातलं.

पंकजा तांब्या धरून तशीच उभी राहिली.

आप्पा जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवत, मगच पहिला घास. ते इथंच, विहिरीच्या सावलीत, पान घेऊन बसत असणार. शेजारी याची ताटली. आधी आपल्या पानाला, मग याच्या. पाणी फिरल्याशिवाय तोंड लावायचं नाही. कार्डावर लिहिण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलं नसेल. आप्पा एकटे जेवतात, ही तिला किती वर्षांची टोचणी होती. तिनं तांब्या खाली ठेवला. डोळे पुसले नाहीत, कोणी बघायला नव्हतंच.

दारात महालिंगाची हाक आली. आत्या त्याला घेऊन मागं आली आणि मणीला खाताना पाहून दोघं थांबली. पंकजानं झालं ते सांगितलं.

महालिंग हसत तमिळमध्ये म्हणाला, “अम्मा, माझ्या कुत्र्यांना मी भात लांबून फेकतो. या सोवळ्या अय्यरला तुम्हीच सांभाळा.”

“दादाला वेडच होतं,” आत्या म्हणाली. मग करड्या आवाजात, “पण बाईमाणसानं पानाभोवती पाणी फिरवायचं नसतं, ठाऊक आहे ना?”

“मग तो उपाशी राहील, आत्या.”

ताटली चाटून कोरडी झाली होती. मणी मान वर करून बघत होता. आत्या आत गेली आणि स्वतःच्या वाटणीचा दहीभात घेऊन आली. वाकून, अंग चोरून, तिनं तो ताटलीत घातला. पंकजानं तांब्या उचलला.

“डावीकडून नव्हे गे,” आत्या म्हणाली. “उजवीकडून फिरव. त्याला तशीच सवय असेल.”