हसताना मिटणारा डोळा

माझी धाकटी बहीण शिवणकाम करते. ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी बोलायची तिची सवय. एका सकाळी त्याच टाचण्या ओठांतून सांडल्या, चुळीचं पाणी हनुवटीवरून ओघळलं, डावा गाल ओल्या कापडासारखा लोंबला.

चेहऱ्याची नस सुजून लुळी पडलीय, असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी तिच्यासमोर आरसा ठेवला. "गालाला बोटाचा आधार द्यायचा. ओठाचा कोपरा नखभर उचलायचा. हळू. पाचच वेळा. जोर नाही."

पाचच? माझ्या जिवाला पटेना. आई गेल्यापासून तिची वेणी मीच घातली, तिचा हट्टही मीच मोडला. मी फुगे आणले. "फुगव! आणखी! लाव जोर!" पाचाचे पन्नास केले. दमली की कुणाची तरी नक्कल करून तिला खदाखदा हसवायची, तोही व्यायामच समजून. सांगितलं होतं नखभर, मी केलं हातभर.

तिसऱ्या महिन्यात गाल हलला. मी शेजारणींना बोलावून दाखवला. पाचव्या महिन्यात ती मनापासून हसली, आणि डावा डोळा आपोआप मिटला.

"ताई, गिऱ्हाइकं म्हणतात, मी डोळा मारते!"

बाईंनी निरखून पाहिलं. "नस पुन्हा वाढताना कधीकधी आपणहूनही वाट चुकते. ओठाचा निरोप पापणीला जातो. जोर केला की ती चूक मुरते. घरी जोर लावला होता का?"

"मीच लावला," धाकटी म्हणाली. "मलाच घाई."

मी पर्सची चेन उघडत-लावत बसले.

जिन्यात विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुला ओरडा सोसत नाही. मला सवय आहे. तुझ्याच ओरड्याची."

पुढच्या खेपेला मी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "फरक पडेल, पण महिने जातील, आणि सगळं पहिल्यासारखं होईलच असं नाही. डोळा उघडा राहील तेवढंच हसायचं. खदखदून हसणं सध्या बंद. तुम्ही हसवू नका त्यांना."

काल एक गिऱ्हाईक आलं. पोट आत ओढून, श्वास कोंडून माप देत होतं, आणि वर "जरा सैलच ठेवा" म्हणत होतं. ते जाताच माझे गाल आपोआप फुगले, नक्कल ओठांवर आली.

धाकटीने घाईने पापणीखाली बोट धरलं. "नको गं, ताई."

मी श्वास सोडला आणि खाली बघून गुंड्या निवडू लागले.