केकवरचं कुंकवाचं बोट

मार्गशीर्षातली सोनसळी सकाळ. वेंगुर्ल्याच्या माडांवर धुक्याचा तलम पदर, कुंपणाच्या अबोलीवर दवाची ओल, आणि डोंगराकडून समुद्राकडे निघालेला कोरडा, शीतल, मंदगामी मतलई वारा. दुपार कलली की तो उलटणार. मग खारा, दमट वारा घरात शिरणार आणि साखरेला घाम फुटणार. साखरेचं काम करणाऱ्या कालिंदीला वाऱ्याचं हे येणं-जाणं तोंडपाठ होतं.

आज तिच्या ऋजुताचा साखरपुडा. गावभरच्या वाढदिवसांचे केक जिच्या ओट्यावर जन्मले, तिच्या लेकीच्या मांडवात बाहेरचा केक कसा यावा? पहाटे उठून तिनं फॉन्डंट, म्हणजे केकवर पांघरायचा पिठीसाखरेचा गोळा, मळला होता. तुपाचा हात लावून, दाबून, दुमडून, पुन्हा दाबून. उकडीसारखा मऊ, लोण्यासारखा लुसलुशीत. मग लाटून, उचलून, केकवर अलगद पांघरून, तळव्यानं माथ्यावरून कडेला, कडेवरून पायथ्याला, निरी निरी मोडत तिनं तो बसवला. ना सुरकुती, ना बुडबुडा. शुभ्रधवल, निष्कलंक, शांत. तिनं तो चारही बाजूंनी फिरवून पाहिला.

कारण आज लेकीला द्यायला तिच्याकडे एवढंच होतं. नवरा गेल्यापासून तिची मनगटं मोकळी. या घराची रीत अशी, की पाटावर बसण्याआधी मुलीला पहिलं कुंकू घरातल्या थोरल्या सवाष्णीनं लावायचं. तो मान थोरल्या जावेचा, विमलवहिनींचा. कालिंदीनं तेवढा वेळ स्वयंपाकघरात थांबायचं, असं कुणी बोललं नव्हतं. बोलावं लागतंच कुठे?

ती आंघोळीला गेली, आणि तेवढ्यात घात झाला.

विमलवहिनी करंडा घेऊन आल्या. घरात नवी शेगडी आली, कुंकू लावलं. नवी गाडी आली, कुंकू लावलं. शुभकार्याचा एवढा थोरला केक असा पांढराफटक, बोडका कसा ठेवायचा? त्यांनी भक्तिभावानं हळदीचं ओलं बोट टेकवलं, कुंकवाचं टेकवलं, वर हातही जोडले. ओलसर साखरेत कुंकू पसरलं. शुभ्र माथ्यावर रक्तवर्ण ओघळ उतरला.

"वहिनी, काय केलंत हे!"

"अगो, शुभ म्हणून लावलं," विमलवहिनींचा चेहरा उतरला. "पुसून टाक ना ओल्या फडक्यानं."

"पुसलं की आणखी पसरतं. हे गेलं सगळं."

रडायला वेळ नव्हता. कालिंदीनं ते शुभ्र आवरण सोललं, तळचं क्रीम पुन्हा सारखं केलं, आणि डब्यात जपलेला उरलासुरला गोळा काढला. गोळा लहान, केक मोठा. पातळ लाटावा लागला, इतका पातळ की एकटीनं उचलला तर फाटणार.

"मी धरते," विमलवहिनी पुढे झाल्या. दोघींनी दोन बाजूंनी हात घातले, आणि हिरव्या बांगड्या किणकिणल्या. पोळीच्या कडेवर इवल्या इवल्या चंद्रकोरी उमटल्या. कालिंदीनं पोळी खाली ठेवली, गोळा केला, पुन्हा मळायला घेतला. तिची नजर एकदाच त्या बांगड्यांकडे गेली आणि खाली वळली. सवाष्णीला, तेही शुभकार्याच्या दिवशी, बांगड्या काढ म्हणायचं कुणी? आणि तिनं?

विमलवहिनींनी ती नजर पाहिली. याच स्वयंपाकघरात, नवरा गेला त्या दिवशी, कालिंदीच्या बांगड्या त्यांनीच उतरवल्या होत्या. रीत म्हणून. तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

त्यांनी खोबरेल हातावर ओतलं. एकेक बांगडी हळूहळू सोडवली आणि पिठाच्या वाटीत ठेवली. हिरवी, हिरवी, हिरवी; शेवटी सोन्याच्या पाटल्याही.

"जड वाटतं गो," त्या हलकेच म्हणाल्या. "मोकळा हात किती जड वाटतो."

"हो वहिनी. वाटतो."

मग चार मोकळ्या मनगटांनी ती पातळ शुभ्रता उचलली, केकवर अलगद सोडली. माथ्यावरून कडेला, कडेवरून पायथ्याला, दोघींचे तळवे संथ, समांतर फिरत राहिले. पिठानं माखलेल्या त्या हातांत थोरलीचे कुठले, धाकटीचे कुठले, ओळखू येत नव्हतं. या वेळी कुठे चरा नव्हता.

दुपार कलली. माडांच्या झावळ्या उलट्या दिशेनं सळसळल्या, अंगणात माणसं भरली. कालिंदी रीतीप्रमाणे दाराआड उभी राहिली. आणि करंडा घेऊन विमलवहिनी तिच्यासमोरच आल्या. बांगड्या अजून वाटीतच होत्या. चढवायच्या राहिल्या की ठेवल्या, त्यांचं त्यांना ठाऊक.

"चल बाहेर. आधी तू लाव."

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

एक म्हातारी आतेसासू पुटपुटलीच, "अगो, ही?"

"आई आहे तिची," विमलवहिनी भरल्या अंगणाला ऐकू जाईल अशा बोलल्या. "हिच्याआधी कोण?"

ऋजुतानं डोळे मिटून मान वर केली. कालिंदीच्या बोटाला अजून साखरेची पांढरी धूळ होती. ते बोट कुंकवात बुडालं आणि लेकीच्या कपाळावर टेकलं.

खारा वारा घरात शिरला होता. आत केकला घाम फुटत होता, फुटू दे. आईच्या बोटाचं कुंकू लेकीच्या कपाळावर लागलं होतं, जरासं वाकडं, जरासं पसरलेलं, आणि ते पुसायला कुणीही पुढे आलं नाही.