नामुन्याकच्या गळ्यातला पट्टा

मी एक जुना गळपट्टा आहे, मित्रांनो. कुत्र्याच्या नव्हे, सिंहिणीच्या गळ्यातला. आता मी सिंहांचा माग ठेवणाऱ्या पारसालोईच्या झोपडीत खुंटीला लटकतो आणि चुलीचा धूर खातो.

माझा जन्म कारखान्यातला. अंग जाड आणि चिवट, पोटात बॅटरी. मी सतत टिकटिक करायचो, पण ती ऐकू यायची फक्त पारसालोईच्या एरियलला. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन सिंहिणीला निजवलं आणि मला तिच्या मानेवर बांधलं. पूर्वी मसाई तरुणाने सिंह मारला की त्याला नवं नाव मिळायचं. पारसालोईच्या वडिलांना तसं मिळालं होतं. पारसालोईने मात्र सिंहिणीलाच नाव दिलं, नामुन्याक. म्हणजे भाग्याची.

रोज सकाळी तो टेकडीवर चढून एरियल फिरवायचा. मग वस्त्यांवर जाऊन सांगायचा, आज गुरं अमक्या बाजूला नेऊ नका. त्याची मावशी नासियेकु त्याची फिरकी घ्यायची.

"माझे गुडघे कसे आहेत, विचारलंस कधी? त्या बयेची मात्र रोज चौकशी."

"तुझे गुडघे कुणाच्या गाई खात नाहीत, मावशी."

सफारीच्या गाड्याही टेकडीखाली थांबायच्या. सिंह कुठे दिसतील, एवढंच त्यांना हवं असे. पारसालोई हात करायचा आणि गाड्या धुरळा उडवत निघायच्या. पाहुणे नामुन्याकला बघून हरखायचे आणि माझ्यावर नाराज व्हायचे. पट्ट्यामुळे फोटो बिघडतो म्हणे. मला वाईट वाटायचं, पण तिच्या मानेच्या उबेत मी ते विसरून जायचो.

हळूहळू माझी बॅटरी म्हातारी झाली. पारसालोईने वनखात्याच्या कचेरीत सांगून पाहिलं. पावसाळा संपला की बघू, असं उत्तर मिळालं. पावसाळा संपला, बघितलं कुणीच नाही.

एके सकाळी त्याने एरियल चारी दिशांना फिरवलं. नामुन्याक ओढ्याकाठच्या झुडपात पहुडली होती आणि मी होता नव्हता तो जीव एकवटून टिकटिक करत होतो. त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो खाली उतरला आणि मावशीला म्हणाला, "ती डोंगरापलीकडे गेलेली दिसते. आज ओढ्यावर ने गुरं, खुशाल."

दुपारी नामुन्याकने मावशीची तांबडी गाय पाडली. गुराख्यांनी आरडाओरडा करून तिला हुसकावलं. मग मावशीने पिकाच्या किडीचं विष आणून मेलेल्या गाईवर ओतलं. संध्याकाळी नामुन्याक परतली आणि तिने पोटभर खाल्लं. मी तिच्या गळ्यालाच होतो, मित्रांनो, पण तिला अडवणं माझ्या हातात नव्हतं.

गाय गेल्याचं कळताच दुसऱ्या दिवशी पारसालोई एरियल घेऊन ओढ्याकाठी आला. अगदी जवळ आल्यावर त्याला माझी टिकटिक ऐकू आली. त्याचा चेहरा खुलला. तो झपाझप झुडपात शिरला. माझी टिकटिक जिवंत गळ्यातून आणि मेलेल्या गळ्यातून सारखीच येते, याचं मला आजही फार दुःख होतं.

मावशी त्याच्या मागून येऊन उभी राहिली.

"विष घातलंस?"

"घातलं. तुझ्या शब्दावर गाय सोडली होती मी. तुझ्या सिंहिणीला नाव होतं ना? माझ्या गाईलाही होतं."

"ठाऊक आहे, मावशी."

"मग घे की ते एकदा तोंडाने."

"नान्योकी," पारसालोई म्हणाला आणि मटकन खाली बसून रडू लागला. मावशीही रडली. मग तिनेच नामुन्याकचं जड डोकं दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि त्याने मला कापून काढलं.

आता नामुन्याकच्या लेकीच्या गळ्यात नवा पट्टा आहे. पारसालोई अजूनही टेकडीवर जातो. आवाज आला नाही, तर ती गेली असं तो सांगत नाही. मला कळत नाही, असं सांगतो आणि काठी घेऊन मावशीच्या गुरांबरोबर चालू लागतो.

मित्रांनो, सिंह बघायला आलात आणि एखादीच्या गळ्यात पट्टा दिसला, तर नाक मुरडू नका. आणि तुमच्याशी रोज बोलणारं कुणी एखाद्या दिवशी गप्प झालं, तर ते लांब गेलं असं ठरवून मोकळे होऊ नका. जवळ जाऊन बघा. मी त्या सकाळी ओढ्यावरच होतो.