शेजाऱ्यांची

बटण हे काही शाळेतलं नाव नव्हे. आई शिवणकाम करणारी, लेक अंगाने एवढीशी, म्हणून बापाने ठेवलेलं लाडाचं नाव. बाप बस चालवायचा. बटणची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्यानेच आपलं एक तिला दिलं. आता कामावरून आला की आधी विचारायचा, "काय गं, माझ्याकडचा पाहुणा नीट राहतोय ना?"

पाहुणा नीट राहावा म्हणून गोळ्या होत्या. त्या चुकल्या तर शरीर नव्या मूत्रपिंडाला परकं समजून त्याच्यावर उठतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्याच गोळ्यांनी बटणचा चेहरा फुगला, गालांवर लव आली. शाळा अजून सुरू व्हायची होती. ती पुढच्या खोलीत आईच्या मशीनशेजारी बसून कच्चे टाके उसवायची, तुरपाई करायची. हात अगदी आईचा.

एक दिवस बँकेतल्या मॅडम कोटाचं माप बघायला आल्या. आई गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून कडा दुमडत होती.

"ही कोण हो?" मॅडमनी विचारलं. "तुमची ती बारीक मुलगी कुठाय?"

"शेजाऱ्यांची आहे," आई म्हणाली.

तोंडात टाचण्या असताना लांबलचक कहाणी कोण सांगणार, अशी तिने नंतर मनाची समजूत घातली. कसल्या टाचण्या! तिला लाज वाटली होती, त्या चेहऱ्याची, आणि पुढे येणाऱ्या हळहळीची. बटणने मान वर केली नाही. लहान आहे, विसरेल, असं म्हणून आईने विषय मनातून झाडून टाकला.

पुढच्याच आठवड्यात ती बटणच्या खोलीतला पडदा धुवायला काढत होती. खालची कड हाताला जड लागली, आत काहीतरी टोचलं. गिऱ्हाइकांचे पडदे सरळ पडावेत म्हणून ती कडेत वजनं घालायची, पण घरच्या पडद्याला एवढे लाड कोण करतं? तिने कड उसवली. टाके इतके बारीक आणि सारखे होते की क्षणभर तिला कौतुकच वाटलं. मग तळहातावर गोळ्या पडल्या.

रोज बटणच्या हातात गोळी आणि पाण्याचा पेला देऊन ती पुन्हा मशीनवर जाऊन बसायची. गिळली का, हे कधी थांबून बघितलंच नव्हतं.

"का गं केलंस असं?" ती ओरडलीच.

बटण रडली नाही. "गोळ्या थांबल्या की माझं तोंड पहिल्यासारखं होईल. मग तुला मला शेजाऱ्यांची म्हणावं लागणार नाही."

नवऱ्याला फोन करून आई तिला घेऊन तडक निघाली.

इस्पितळात तपासणी झाली. थोडं बिघडलं होतं, पण वेळेत आलात, सावरता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, गोळ्या का घेतल्या नाहीत? बटण आईकडे बघून गप्प राहिली. तिला पाठीशी घालत होती ती! तेव्हा आईनेच सगळं सांगितलं, नवऱ्यासमोर. तो आपल्या कुशीवरच्या व्रणावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिला. घरी आल्यावरही कितीतरी दिवस त्याने पाहुण्याची चौकशी केली नाही. गोळी मात्र स्वतः समोर बसून द्यायचा, आणि तो कामावर असला की आई.

बटण सावरत होती. चेहरा होता तसाच होता.

मॅडम कोट न्यायला आल्या. एक बाही किंचित लांब होती. आईने तोंडात टाचण्या धरल्या.

"अरे वा, ती शेजाऱ्यांची मुलगी आजही आलीय वाटतं! मदतीला बरी आहे."

आई तोंड उघडणार, त्याआधीच बटण शहाण्यासारखी म्हणाली, "हो, मी रोज येते."

आईने टाचण्या काढायला सुरुवात केली. एक खाली पडली. मॅडम बाही पुढे धरून तशाच उभ्या.

"मी खोटं बोलले होते," आई म्हणाली. "ही माझी मुलगी. आजारी होती, औषधांनी चेहरा सुजलाय. हिची मला लाज वाटली. आता माझी वाटते."

मॅडमनी बाही खाली सोडली. बटणने वाकून पडलेली टाचणी उचलली, आईच्या हातात दिली.

"आई, माझी गोळी राहिलीय," ती म्हणाली. "दे ना. आणि बघ हं, गिळते ती."