मेडिकेअर कार्डावरची तारीख

वडिलांचं मेडिकेअरचं, म्हणजे पासष्टीला मिळणाऱ्या सरकारी विम्याचं, कार्ड जूनमध्येच आलं होतं. त्यांनी ते फ्रिजवर माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली लावलं. त्यावर विमा सुरू होण्याची तारीख छापलेली होती, एक सप्टेंबर. त्यांना पासष्ट वर्षं पूर्ण होणार होती एक ऑक्टोबरला.

"बघ, सरकारने मला महिनाभर आधीच म्हातारा करून टाकलं," ते हसून म्हणाले.

"डॅड, एक फोन करून विचार ना."

"आणि चूक दुरुस्त करताना त्यांनी माझं नावच उडवलं तर? नको बाई. ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर."

मीही हसले. मी गावच्या ग्रंथालयात काम करते. लोकांचे सरकारी अर्ज दिवसभर तपासून देते. ही एक तारीख मी तपासली नाही.

तीन वर्षांपूर्वी कागद गिरणीने जुन्या माणसांना थोडे पैसे देऊन लवकर निवृत्त केलं, त्यात वडील होते. गिरणीचा विमा पूर्ण हप्ता स्वतः भरून त्यांनी दीड वर्ष टिकवला. मग स्वतःचा घेतला, सगळ्यांत स्वस्त. त्यात दर वर्षी पहिले साडेसात हजार डॉलर आपल्याच खिशातून जायचे. विमा होता, पण तो वापरण्याची ऐपत नव्हती.

गिरणीतले सगळे त्याच नावेत होते. शुक्रवारी संध्याकाळी क्लबात तळलेला मासा खायला जमायचे आणि आपापली दुखणी पासष्टीवर ढकलायचे. "गुडघा पुढच्या मे महिन्यात," एक म्हणायचा. "माझे डोळे ऑगस्टात," दुसरा. वडिलांच्या शेजारी वीस वर्षं त्याच यंत्रावर उभा राहिलेला ऑरिन टोस्डाल त्या सगळ्यांचा हिशेबनीस. "लेलंड, तुझं पोट कधी?" तो विचारायचा. "ऑक्टोबर!" वडील ग्लास उंच करायचे.

पोटाचं असं होतं की जुलैत डॉक्टरने पोट दाबून पाहिलं आणि सोनोग्राफी लवकर करा म्हणून सांगितलं. वडिलांनी मला सांगताना त्यातलं 'लवकर' गाळलं. दोन ऑक्टोबरची वेळ घेतली.

एकोणीस सप्टेंबरला, अंगणात पानं गोळा करताना, त्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली. रुग्णवाहिका वेळेत आली. तिचा उपयोग झाला नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला रुग्णालयाचा कागद आला. बिल मेडिकेअरने भरलं होतं. विमा तर ऑक्टोबरपासून होता, म्हणून मी चूक कळवायला मेडिकेअरला फोन केला. वडिलांनी मला तेवढं शिकवलं आहे.

"चूक नाहीये, मॅडम," पलीकडची बाई म्हणाली. तिचा आवाज खरोखर मऊ होता. "जन्मतारीख एक असली की माणूस आदल्या दिवशीच पासष्टचा धरतात. म्हणजे तीस सप्टेंबरला. मग तो अख्खा सप्टेंबर मिळतो."

"हे त्यांना कुणी सांगितलं होतं?"

"माहितीपत्रकात असतं, मॅडम. आणि कार्डावर तारीख असतेच."

तारीख होतीच. ज्या माणसाला तीन वर्षं प्रत्येक कागदाने फक्त 'नाही' सांगितलं, त्याच्या घरी एक 'हो' आलं, आणि त्याला ती छपाईची चूक वाटली. एकोणीस दिवस तो फ्रिज उघडून दूध काढत होता आणि ते कार्ड त्याच्या नाकासमोर होतं.

त्या शुक्रवारी मी क्लबात गेले. त्यांच्या टेबलाशी उभी राहून सगळं सांगितलं, अगदी सावकाश. कुणी खाल्लं नाही. ऑरिनने काटा खाली ठेवला.

"पोरी, माझी चौदा मार्च," तो म्हणाला. "मग माझं कसं?"

"तुमचा विमा एक मार्चपासून. महिन्याच्या एक तारखेपासूनच सुरू होतो."

"चौदापासून नाही?" त्याचा चेहरा उजळला. "ऐकलंत का रे? तेरा दिवस वाचले!"

कुणीतरी त्याची पाठ थोपटली. पाठ थोपटल्यावर त्याला खोकला आला, आणि तो थांबायला बराच वेळ लागला. रुमाल त्याने घडी करून पटकन खिशात घातला.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"मार्चमध्ये बघू ना."

त्याच्या तारखेत कुणाचीच चूक नव्हती. नियम त्याला बरोबर कळला होता. नोव्हेंबर ते मार्च त्याला थांबायचंच होतं, आणि त्या टेबलावर एकालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तीन वर्षं मलाही वाटलं नव्हतं.

मी पर्समधून वडिलांचं कार्ड काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं, नाव वर करून.

"वाचा," मी म्हणाले. "मोठ्याने. आणि मग मला परत मार्च म्हणून दाखवा."

ऑरिनने चष्मा शोधला. तो डोळ्यांवर होता. त्याने कार्ड जवळ ओढलं आणि नावावर बोट ठेवलं.

मी खुर्ची ओढून वडिलांच्या जागेवर बसले. उत्तर मिळेपर्यंत मी उठणार नव्हते.