रविवारच्या रश्श्याची हंडी

मी एक जुनी, काळी, मातीची हंडी आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका! काळी आहे म्हणून काय झालं? तुमच्या घरातल्या एखाद्या चकचकीत पितळी भांड्याला विचारा, त्याच्यासाठी कोणी कधी रविवारची वाट पाहिली आहे का? माझ्यासाठी पाहिली. आणि एका रविवारी तर माझ्यापायी एका माउलीचे दोन लेक... पण थांबा. मला घाई फार. कोंबडा शिजायच्या आधीच मी ताटं मांडायला निघते. पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म अंजनगाव सुर्जीच्या कुंभारवाड्यातला. नत्थुजी कुंभारानं मला चाकावर घडवलं, थापटलं, उन्हात वाळवलं आणि आव्यात भाजलं. बाहेर काढल्यावर त्यानं मला टिचकी मारली. मी अशी खणखणले की तो म्हणाला, "हे तं बोलते बाप्पा!" तेव्हापासून मी जी बोलते आहे, ती अजून गप्प बसलेली नाही.

रविवारच्या बाजारात मैनाबाईनं मला उचललं. त्या काळी आमचं मोल धान्यात होतं. हंडीत मावेल तेवढी ज्वारी कुंभाराची आणि हंडी तुमची. मैनाबाईनं काठोकाठ ज्वारी भरली. नत्थुजी म्हणाला, "माय, शीग लाव ना थोडीशी." मैनाबाई म्हणाली, "शीग लावली असती, पण तुह्या हंडीचं पोटच केवढं मोठं! आधीच पायलीभर गिळून बसली." माझ्या पोटाला नावं ठेवणारी ती पहिलीच बाई. तिच्याशी माझं जन्माचं जमलं.

घरी गेल्यावर मात्र मला धक्काच बसला. मला घरात घेतलंच नाही! मैनाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिच्या चुलीवर कोंबडीचा वास चालायचा नाही. म्हणून माझा मुक्काम गोठ्यातल्या शिंक्यावर आणि माझी चूल परसात, लिंबाखाली, तीन दगडांची. स्वयंपाक बायांनी नाही, गड्यांनी करायचा. मी आधी रुसले. मग पहिला रविवार आला आणि माझा रुसवा कुठल्या कुठं पळाला.

काय सांगू तुम्हाला तो थाट! मैनाबाईचे दोन लेक, थोरला वामनराव आणि धाकटा खुशालराव. वामनराव जाळाचा राजा. मला केव्हा भिजवायचं, केव्हा तेल पाजायचं, जाळ केव्हा ओढून घ्यायचा, ते त्यालाच ठाऊक. खुशालराव पाट्यावरचा. निखाऱ्यावर भाजलेलं खोबरं, राखेत भाजलेला कांदा, खसखस, दगडफूल आणि विहिरीजवळच्या पट्टीतली घरची लाल मिरची तो असा वाटायचा की शेजारच्या गल्लीत शिंका सुरू व्हायच्या. जवसाचं घरचंच तेल माझ्या तळाशी तापलं, की मी आनंदानं चरचर करायची.

आणि मैनाबाई? ती मागच्या उंबऱ्यात बसायची. रस्सा तिच्या माहेरचा, तेल्हाऱ्याचा. पण माळ घातल्यापासून तिनं तो जिभेला लावला नव्हता. ती नुसत्या वासावर हुकूम सोडायची. "वामन्या, कांदा जळून राहिला! खुश्या, आता भाजलेलं ज्वारीचं पीठ लाव. मीठ कमी हाय रे!" मिठाला कुठं वास येतो का हो? मैनाबाईला यायचा. आणि वामनराव थेंबभर रस्सा चाखून बघायचा, तर खरंच मीठ कमी असायचं!

मग दोघं भाऊ एका पंगतीत बसायचे, वामनरावाची बायको पार्वताबाई आणि खुशालरावाची सुभद्रा गरम भाकरी आणून वाढायच्या, आणि नाकातून पाणी येईपर्यंत सगळे रस्सा ओरपायचे. मैनाबाई लांबून वरण-भाकर खात त्यांच्याकडे बघायची. तिचं पोट बघूनच भरायचं.

पुढं काय झालं, कोण जाणे. साता समुद्रापलीकडं कुठंशी लढाई लागली म्हणे, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गावात जो तो कापूसच बोलायला लागला. खुशालराव म्हणाला, "भाऊ, सगळ्यात कापूसच पेरू. विहिरीजवळची मिरची न् जवस काहून पाहिजे? बाजारातून आणू!"

वामनराव म्हणाला, "त्या पट्टीले हात लावू नको. रश्श्याले काय सरकी टाकतं?"

"तुले तं रश्श्याशिवाय काही दिसतच नाई!"

"न् तुले कापसाशिवाय!"

शब्दाला शब्द वाढत गेला. अखेर वाटण्या झाल्या. मधे काट्यांचं कुंपण पडलं. मिरची-जवसाची पट्टी वामनरावाकडं गेली, पाटा खुशालरावाकडं. बैल वाटले, गाड्या वाटल्या. आणि हंडी? ती एकच. दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. अरे बाप्पा, माझा जीव असा घाबरा झाला! तेवढ्यात मैनाबाई आली आणि तिनं मला दोघांच्या हातातून ओढून घेतलं.

"हंडी माही हाय. दोघं एका पंगतीत बसतीन, तवाच हे चुलीवर चढंन. नाई तं लटकू द्या शिंक्यावर!"

गोठा खुशालरावाच्या वाट्याला आला, मैनाबाईही त्याच्याकडंच राहिली, आणि दोन वर्षं मी तिथं लटकले, मित्रांनो. दोन वर्षं! माझं तेल सुकलं, अंगाला कोळ्यांनी जाळी विणली. आणि कळस म्हणजे एक लाल कोंबडी माझ्यात अंडी घालायला लागली. जिच्या जातीचा रस्सा मी शिजवला, ती माझ्याच पोटात पिल्लं उबवत बसली! मी कोणाला सांगणार? बिचारी ऊब तरी देत होती. कुंपणाच्या अलीकडचा भाऊ पलीकडच्याशी बोलत नव्हता. बायका मात्र बोलायच्या. सुभद्रा आणि पार्वताबाई काट्यांच्या फटीतून गुपचूप जवसाची चटणी इकडं-तिकडं करायच्या. मी वरून सगळं बघत होते.

त्याच फटीतून एक दिवस ती बातमी आली. पार्वताबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आमी सोमवारी गाड्या जुंपून राहिलो. बडनेऱ्याकडं आगगाडीचा रस्ता बांधून राहिले, तिथं गिट्टी वाहायले गाड्या पाहिजेत. माहा भाऊ हाय तिथं. हे म्हणतात, आता परत या गावात पाय ठेवत नाई."

मैनाबाईनं ते उंबऱ्यात बसून ऐकलं. मग उठली. सुभद्रेला म्हणाली, "वामनले निरोप दे. जायच्या आधी एक रविवार जेवून जा म्हणा."

निरोपाचं उत्तर आलं, तेही कुंपणातूनच. "त्या तांब्याच्या पातेल्यातला रस्सा असंन तं येत नाई. आपल्या हंडीतला असंन तं येतो."

तांब्याचं पातेलं खुशालरावानं कापसाच्या पैशातून अमरावतीहून आणलं होतं. मोठं झगझगीत! माझ्या समोरच ठेवलं होतं, मला जळवायला. पण आता बघा, आवतण कोणाच्या नावानं आलं? माझ्या! मी शिंक्यावर अशी झुलले की कोंबडी ओरडत खाली उडाली.

रविवार उजाडला. खुशालरावानं मला स्वतःच्या हातांनी उतरवलं, राखेनं घासलं.  भावाला तोंडानं थांब म्हणायची त्याची छाती नव्हती, पण रस्सा असा करायचा की बैलांचे पाय अडले पाहिजेत, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. कोंबडा सोलून तयार होता. त्यानं जाळ भडकवला आणि मला चढवलं. कोरडीच!

मी ओरडले, "अरे, भिजव मला! दोन वर्षांची तहानलेली मी!" पण हंडीचं बोलणं माणसांना कुठं ऐकू येतं? तो जन्मभर पाट्यावर बसला होता. जाळाचं काम भावाचं. मला तसंच ठेवून तो मसाला वाटायला गेला. परत आला तेव्हा मी लालबुंद तापले होते, आणि घाबरून त्यानं माझ्यात गार पाणी ओतलं.

तडक्!

ओठाखाली वीतभर तडा. पाणी झिरपून जाळावर चुरचुरलं. खुशालरावानं जाळ ओढला आणि तो तिथंच बसला. इतका मोठा बाप्या, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मित्रांनो, मला माझ्या तड्याचं काही वाटलं नाही. मला उंबऱ्यातल्या त्या म्हातारीचं वाटलं. तिला काही दिसलं नव्हतं, पण तिनं हाक मारली, "खुश्या, जवसाच्या तेलाचा वास काहून नाई येत?"

कसा येणार? जवस होताच कुठं? सगळीकडं कापूस.

खुशालराव उठला. आता हा तांब्याचं पातेलं आणणार, असं मला वाटलं. पण नाही! त्यानं मला चिंध्यांत धरलं, छातीशी घेतलं आणि सरळ कुंपणाकडं निघाला. त्याचं काळीज धडधडत होतं, मला ऐकू येत होतं. पलीकडं वामनराव गाड्यांवर सामान बांधत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा खुशालरावाच्या तोंडून त्याच्यासाठी शब्द निघाला.

"भाऊ... हंडी तडकली."

वामनरावानं दोर सोडला. तो आला, त्यानं कुंपणावरून मला घेतलं, तड्यावरून बोट फिरवलं. आणि मग सुरू झाला, अहाहा!

"कोरडीच चढवली ना बे? लेका, अर्धा दिवस भिजवा लागते, तेल पाजा लागते! न् तापल्यावर गार पाणी? अक्कल काय गहाण ठेवली कापसात?"

खुशालराव मान खाली घालून ऐकत होता आणि हसत होता. रडतही होता. इतक्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या नाहीत.

वामनराव काट्यांतून वाट पाडून इकडं आला. धोतर फाटलं, त्यानं बघितलंही नाही. तंबाखूच्या बटव्यातून त्यानं चुन्याची डबी काढली. पार्वताबाईनं गूळ आणि घरचं जवसाचं तेल आणलं. तड्यात भरायला काहीतरी चिवट हवं होतं. खुशालराव धावत गेला आणि घरातून मूठभर कापूस घेऊन आला. चुना, गूळ आणि कापूस कुटून वामनरावानं लुकण केलं, माझ्या तड्यात दाबून भरलं आणि मला उन्हात ठेवलं. मग मला आतून पाणी पाजलं, जवसाचं तेल चोळलं, आणि मंद जाळावर लेकरासारखं अलगद बसवलं. वाटलेला मसाला तेलात पडला. मी चरचरले!

उंबऱ्यातून मैनाबाई एकदम ताठ बसली. "खुश्या," ती म्हणाली, "हा जाळ तुहा नाई. चुलीशी कोण हाय रे?"

"मीच हाय, माय," वामनराव म्हणाला.

 तिनं पदरानं नाक पुसलं. मग नेहमीच्या कडक आवाजात म्हणाली, "मंग बसला काहून? मीठ कमी हाय."

त्या दुपारी लिंबाखाली एकच पंगत बसली. दोघा भावांची नाकं वाहत होती, डोळे वाहत होते, आणि दोघंही मिरचीला दोष देत होते. माझ्या तळाला भाकरीनं पुसून काढेपर्यंत कोणी उठलं नाही. मग मात्र सगळ्यांची नजर कुंपणाकडं गेली. पलीकडं भरलेल्या गाड्या उभ्याच होत्या. मैनाबाईनंच विचारलं, "उद्या कवा जुंपतं गाड्या?"

वामनरावानं मला उचललं. तड्याजवळ डोळा नेला, नखानं लुकण टोकरून पाहिलं आणि मान हलवली.

"उद्या कसा जाईन? आजच्यापुरतं भागलं, पण चुना पक्का वाळायले आठ दिस लागतात. पुढच्या रविवारी पुन्हा पाहा लागंन."

पुढच्या रविवारी त्यानं पाहिलं. रस्सा झाला, पंगत झाली. म्हणाला, अजून आठ दिवस. मग गाड्यांवरचं सामान उतरलं, कारण पावसात भिजलं असतं. कुंपणाची ती वाट काही बुजली नाही. पुढच्या सालापासून दोघंही भाऊ विहिरीजवळच्या पट्टीत मिळून मिरची लावायला लागले. तांब्याच्या पातेल्यात आता आंघोळीचं पाणी तापतं. मी त्याला काही बोलत नाही, फक्त रविवारी जरा मोठ्यानं चरचरते.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. भांडं असो की माणूस, तडा दिसला की लगेच उकिरड्याकडं निघू नका. आधी कुंपणापर्यंत जा, आणि तोंड उघडून सांगा की माझ्या हातून तडकलं.

माझ्याकडं बघा ना. या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. वामनरावाच्या मिशा पांढऱ्या झाल्या. पण दर रविवारी जेवण झालं की तो मला उचलतो, तड्याला नख लावतो आणि उंबऱ्यातल्या त्याच्या थकलेल्या मायला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगतो, "अजून ओला हाय, माय. आठ दिस लागतीन."