रणगाड्याची समजूत

चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासणाऱ्या जावईबापूंना एकच ध्यास लागला होता. ज्या ऑनलाइन गेममध्ये ते रोज संध्याकाळी रमत, तिथलं सिनियर मॉडरेटर व्हायचं. शिवराळ खेळाडूंना वठणीवर आणायचं, भांडणं मिटवायची. पगार शून्य, पण रुबाब केवढा!

मुलाखतीत हेडफोनमधून प्रमुखबाई म्हणाल्या, "'रणगाडा' नावाचा एक खेळाडू सगळ्यांचा उद्धार करत सुटलाय. आमच्यादेखत त्याची समजूत काढा, पद तुमचं."

जावईबापूंनी लगेच कॉल लावला. "ए रणगाड्या, मॉडरेटर बोलतोय, तोंड सांभाळून बोल!"

"तू कोण टिकोजीराव लागून गेलास?" रणगाडा गरजला आणि खोकला. तोच खोकला भिंतीपलीकडूनही ऐकू आला.

जावईबापूंच्या पायाखालची जमीन सरकली. पलीकडच्या खोलीत गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला आलेले सासरे होते!

"बाबा," त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला, "रागावू नका हो. चुकलंच माझं. जरा शांत व्हा, घोटभर चहा घ्या."

रणगाडा गडबडला. "बरं बरं. नाही देत शिव्या."

"काय ती नम्रता!" प्रमुखबाई गहिवरल्या. पद मिळालं.

तेवढ्यात काठी टेकत सासरे दारात आले. "जावईबापू, आत्ता एका मॉडरेटरला असा सरळ केला, की मला बाबा म्हणायला लागला! आवाज थेट तुमच्यासारखा, पण मुलगा फार संस्कारी हो!"

जावईबापू चहा टाकायला उठले.